रग्बीचे हेडमास्तर : डॉ. टॉमस आर्नोल्ड

रग्बी हें नांव आमच्या विद्यार्थ्यांस खेळावरून ठाऊक असेल. लंबगोल चेंडू छातीशीं धरून धांवणाऱ्या गड्यांचा तो धसमुसळा खेळ ज्या शाळेच्या नांवानें ओळखला जातो, ती रग्बीची शाळा इंग्लंडांतील वॉरिकशायर परगण्यांत आहे. लॉरेन्स शेरिफ नांवाच्या एका किराणा व्यापाऱ्यानें ठेविलेल्या देणगीवर इ. स. १५६७ मध्यें तिची स्थापना झाली. परंतु तिची कीर्ति देशोदेशीं पसरली ती केवळ खेळामुळें नव्हे, तर एका हेडमास्तरांमुळें. इ. स. १८२८ पासून १८४२ पर्यंत, म्हणजे अवघीं चौदा वर्षें, डॉ. टॉमस आर्नोल्ड हे त्या शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांचें चरित्र वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं यंदां योजिलें आहे.

चरित्रें बहुधा सेनापतींचीं, शोधकांचीं अथवा साधुसंतांचीं लिहिण्याचा प्रघात आहे. हेडमास्तरांनीं ना किल्ला जिंकला, ना एखादें यंत्र शोधून काढलें. मग त्यांच्या आयुष्यांत सांगण्याजोगें तें काय, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, जी गोष्ट शाळेच्या वार्षिक अहवालांत कधींच छापली जात नाहीं, आणि जी थोड्याफार प्रमाणांत सगळ्याच शाळांत घडत असते, तिच्याशीं या गृहस्थांनीं आपल्या कारकीर्दींत झुंज घेतली. ती गोष्ट म्हणजे बळकट मुलांनीं दुबळ्या मुलांचा केलेला छळ. कोणा तोतऱ्याची नक्कल करावी, कोणाचा डबा पळवावा, कोणाला त्याच्या रंगावरून, जातीवरून किंवा बापाच्या धंद्यावरून टोंचणारें टोपणनांव ठेवावें, कोणाला खेळांत मुळीं घेऊंच नये, आणि या साऱ्यास थट्टा असें गोंडस नांव द्यावें, हा प्रकार कोणास अपरिचित आहे? ज्याची थट्टा होते तो घरीं जाऊन पोट दुखतें म्हणून सांगतो, आणि आई बिचारी ओवा चावावयास देते. दुखणें पोटांत नसून मनांत आहे, हें तिला कळावें कसें? पूर्वीं निदान शाळा सुटली कीं त्या मुलाची सुटका होत असे. आतां दूरध्वनियंत्र खिशांत आल्यामुळें ती टवाळी त्याच्या मागोमाग घरांत शिरते. म्हणून दोनशें वर्षांपूर्वींच्या या हेडमास्तरांपुढें जो प्रश्न होता, तोच आपल्याहिपुढें आहे.

टॉमस आर्नोल्डचा जन्म १३ जून १७९५ रोजीं इंग्लंडच्या दक्षिणेस असलेल्या आइल ऑफ वाइट या बेटावर झाला. वडील जकात खात्यांत अधिकारी होते. टॉमस सहा वर्षांचाही झाला नव्हता, तोंच इ. स. १८०१ मध्यें वडिलांस अकस्मात् मृत्यु आला. आठव्या वर्षीं त्यास वॉर्मिन्स्टर येथील शाळेंत ठेविलें, व बाराव्या वर्षीं तो विंचेस्टर येथील जुन्या व नामांकित विद्यालयांत दाखल झाला. मुलगा लाजाळू होता, थोडा सुस्त होता, आणि पहाटे उठणें त्याच्या जिवावर येत असे. अशा मुलास बोर्डिंगांतील आयुष्य सुखाचें जात नाहीं. तथापि विंचेस्टरचे डॉ. गॉडर्ड मुलांस कोणत्या हातोटीनें सांभाळीत, हें त्यानें बारकाईनें न्याहाळिलें, आणि पुढें स्वतः हेडमास्तर झाल्यावर ती हातोटी त्यास आठवत राहिली.

त्या काळच्या इंग्लिश विद्यालयांची स्थिति कशी होती, हें येथें सांगणें अवश्य आहे. वर्ग संपला कीं शिक्षकांची सत्ता संपे. सायंकाळपासून दुसऱ्या दिवशीं सकाळपर्यंत बोर्डिंगांतील शेंपन्नास मुलें आपल्याच राज्यांत नांदत. आणि त्या राज्याचा कायदा एकच, तो म्हणजे ज्याचें मनगट जाड त्याची आज्ञा. लहान मुलानें मोठ्या मुलाची खोली झाडावी, त्याच्यासाठीं विस्तवावर पाव भाजून द्यावा, तो क्रिकेट खेळत असतां तासन्‌तास चेंडू आणून द्यावे, असा रिवाज होता. या वेठीस तिकडे फॅगिंग म्हणत. वेठ करूनही भागत नसे. चुकलें तर मार, न चुकलें तरी गंमत म्हणून मार. शिक्षकांजवळ उपाय होता तो छडीचा. पण छडीनें धाक बसतो, प्रेम बसत नाहीं. आणि धाकाचा बांध फुटला म्हणजे काय होतें, हेंहि त्या शाळांनीं पाहिलें. इ. स. १७९३ मध्यें विंचेस्टरच्या मुलांनीं बंड केलें. १७९७ मध्यें खुद्द रग्बीच्या मुलांनीं हेडमास्तरांच्या खोलीचें दार दारूनें उडवून दिलें, बाकें आणि पुस्तकें जाळलीं, आणि पाण्यानें वेढलेल्या एका टेकाडावर ठाण मांडून बसलीं. त्यांस आवरण्यासाठीं शिपाई आणावे लागले. १८१८ मध्यें विंचेस्टर येथें पुनः संगिनी दाखवाव्या लागल्या. ज्यांस वरून केवळ मार मिळतो, तीं मुलें खालच्यांस मारच देतात, एवढाच या सर्व हकीकतीचा इत्यर्थ.

इ. स. १८११ मध्यें टॉमस ऑक्सफर्ड येथें कॉर्पस ख्रिस्ती कॉलेजांत गेला. अभ्यासांत त्यानें नांव मिळविलें, आणि १८१५ मध्यें ओरिएल कॉलेजाचा फेलो म्हणून त्याची निवड झाली. इतिहासाची त्यास विलक्षण गोडी होती. पुढें त्यानें धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली, १८२० मध्यें मेरी पेनरोझ या बाईंशीं त्याचा विवाह झाला, आणि टेम्स नदीच्या कांठीं लेलहॅम या लहानशा गांवीं तो कॉलेजांत जाऊं इच्छिणाऱ्या मुलांस घरीं ठेवून शिकवूं लागला. तेथें सुमारें नऊ वर्षें गेलीं. या काळांतील एक प्रसंग आमच्या मतें त्यांच्या साऱ्या आयुष्याची किल्ली होय.

त्यांच्या विद्यार्थ्यांत एक मंदबुद्धीचा पण कष्टाळू मुलगा होता. एके दिवशीं धडा कांहीं केल्या त्याच्या डोक्यांत शिरेना, तेव्हां आर्नोल्ड यांचा धीर सुटला व ते त्यास तिखट शब्दांत बोलले. मुलानें मान वर करून त्यांच्याकडे पाहिलें, आणि आपण रागावतां कां, मी तर माझ्याकडून होईल तितकें करीत आहें, असें शांतपणें सांगितलें. मुलाच्या तोंडांत उद्धटपणा नव्हता आणि डोळ्यांत कांगावा नव्हता. आर्नोल्ड यांस इतकी लाज वाटली कीं, तशी जन्मांत कधीं वाटली नव्हती असें ते पुढें स्वतःच्या मुलांस सांगत. बलवान् मनुष्याच्या हातून दुबळ्यास जखम व्हावयास काठी लागत नाहीं, जिभेचा एक फटकारा पुरतो, हें त्या दिवशीं त्यांस कळलें. तेव्हांपासून हुशार पण उनाड मुलापेक्षां बुद्धीनें बेताचा पण प्रामाणिक मुलगा त्यांस अधिक आदरणीय वाटूं लागला.

इ. स. १८२७ च्या अखेरीस रग्बीच्या हेडमास्तरांची जागा रिकामी झाली. आर्नोल्ड यांनीं अर्ज केला, तो बराच उशिरा. त्यांचे ऑक्सफर्डमधील स्नेही हॉकिन्स यांनीं शिफारसपत्रांत असें भाकीत केलें होतें कीं, या गृहस्थांस नेमिल्यास ते इंग्लंडांतील सर्व मोठ्या शाळांच्या शिक्षणाचें रूप पालटून टाकतील. विश्वस्तांनीं त्या शब्दांवर भरंवसा ठेविला, आणि ऑगस्ट १८२८ मध्यें तेहेतीस वर्षांचे आर्नोल्ड रग्बीस येऊन दाखल झाले. शाळेंत सुमारें तीनशें मुलें राहत असत. त्यांनीं शिक्षणक्रमांत गणित, फ्रेंच व अर्वाचीन इतिहास यांस मानाचें स्थान दिलें. परंतु मुलगा किती शिकला यापेक्षां तो कसा माणूस झाला, याची त्यांस अधिक चिंता असे. त्यांच्या दृष्टीनें शाळेचीं कामें तीन, आणि त्यांचा क्रमहि ठरलेला : पहिलें धर्म व नीति, दुसरें सभ्य वर्तन, आणि तिसरें बुद्धि.

शाळेंत चालणारी दांडगाई थांबवावी कशी? दोन मार्ग उघड दिसत होते. एक, मोठ्या मुलांची सर्व सत्ता काढून घ्यावी. दुसरा, सर्वत्र पहारा ठेवावा. आर्नोल्ड यांस दोन्ही पटले नाहींत. इ. स. १८३५ मध्यें एका शिक्षणविषयक त्रैमासिकांत लेख लिहून त्यांनीं आपलें मत मांडलें. त्याचें तात्पर्य असें : जेथें पुष्कळ मुलें रात्रंदिवस एकत्र राहतात तेथें कोणाचें तरी राज्य असणारच. तें राज्य नियमानें कोणाकडे सोंपविलें नाहीं, तर तें सर्वांत दांडग्या मुलाकडे आपोआप जातें. म्हणून वयानें, बुद्धीनें व वागणुकीनें जे वरचढ, त्यांच्या हातीं तें उघडपणें द्यावें, आणि त्याबरोबर जबाबदारीचें ओझेंहि त्यांच्या खांद्यावर ठेवावें.

त्याप्रमाणें सर्वांत वरच्या, म्हणजे सहाव्या इयत्तेंतील सुमारें तीस मुलांस त्यांनीं आपले सहकारी मानिलें. लहान मुलांकडून काम घेण्याचा हक्क या तिसांखेरीज कोणासहि उरला नाहीं; मधल्या इयत्तांतील धटिंगण, जे खरे छळवादी असत, त्यांचे हात बांधले गेले. सहाव्या इयत्तेस हेडमास्तर स्वतः शिकवीत, जेवावयास बोलावीत, सुट्टींत आपल्या घरीं नेत. सैन्यांत अधिकाऱ्यांचें जें स्थान तेंच या शाळेंत तुमचें आहे, असें ते त्यांस बजावीत. तुमचा भरंवसा आहे तोंवर इंग्लंडांतील कोणत्याहि पदाशीं मी या जागेची अदलाबदल करणार नाहीं, आणि तो भरंवसा गेला तर मला येथून गेलें पाहिजे, अशा आशयाचें ते त्यांच्यापुढें बोलत. ज्याला आपण दांडगा म्हणून हिणवितों त्याच्या अंगची शक्ति वाईट नसते. तिला काम नसतें, म्हणून ती वाईट होते. ती शक्ति दुबळ्याच्या पाठीशीं उभी करावयाची, हें आर्नोल्ड यांच्या व्यवस्थेचें मर्म होतें.

दुसरी सुधारणा वसतिगृहांची. पूर्वीं कित्येक मुलें गांवांतील खाणावळवजा घरांत राहत, आणि तीं चालविणाऱ्या बायांचा मुलांवर कांहींच दाब नसे. आर्नोल्ड यांनीं हीं घरें क्रमाक्रमानें शिक्षकांच्या हातीं दिलीं. शिक्षकांचा पगार व प्रतिष्ठा वाढविली, आणि आपल्या घरांतील मुलांचें सुखदुःख पाहणें हें शिक्षकाचें कर्तव्य ठरविलें. तिसरी गोष्ट कठोर होती. ज्या मुलाच्या संगतीनें इतरांचें नुकसान होतें आणि ज्याच्यावर उपायांचा परिणाम होत नाहीं, त्याला ते घरीं परत पाठवीत. यावरून पालकांत कुरकुर झाली, मुलांची संख्या घटेल असें लोक म्हणूं लागले. तीनशें मुलें असोत, शंभर असोत कीं पन्नास असोत, जीं राहतील तीं भलीं असावींत, असें त्यांनीं भर शाळेंत स्पष्ट सांगितलें.

चौथी गोष्ट विश्वासाची. मुलानें एखादी गोष्ट सांगितली कीं आर्नोल्ड ती खरी मानून चालत. उलटसुलट प्रश्न विचारून त्यास पेंचांत धरीत नसत. त्यामुळें त्यांच्याजवळ खोटें बोलणें हें मुलांसच लाजिरवाणें वाटूं लागलें, कारण ते बोललेलें खरें मानीत.

येथवर वाचून आमच्या वाचकांस वाटेल कीं, आर्नोल्ड हे निर्दोष पुरुष होते. तसें चित्र काढणें त्यांच्यावरच अन्याय होईल. ते तापट होते. इ. स. १८३२ च्या सुमारास एका नाजूक प्रकृतीच्या मुलाची परीक्षा घेतांना, अमुक भाग आम्हांस नेमिलेला नव्हता असें तो मुलगा म्हणाला. चौकशींत त्याच्या विरुद्ध माहिती मिळाली. मुलगा आपलें म्हणणें सोडीना. हेडमास्तर संतापले, मुलगा खोटें बोलतो असें ठरवून त्यांनीं सर्वांदेखत त्यास अठरा छड्या मारिल्या. पुढें उघडकीस आलें कीं, मुलगाच खरें बोलत होता. वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली. आर्नोल्ड यांनीं त्या मुलाची क्षमा मागितली, आणि सगळ्या शाळेपुढें उभें राहूनहि आपली चूक कबूल केली.

या प्रसंगावर आम्ही मुद्दाम थांबतों. दुबळ्यांस छळापासून वांचविण्याचा ज्यांनीं विडा उचलिला होता, त्यांच्याच हातून एका दुबळ्यावर घोर अन्याय झाला. कारण काय? मोठ्यांचें म्हणणें आणि लहानाचें म्हणणें समोरासमोर आलें, तेव्हां त्यांनीं लहानाचें ऐकून घेण्याचें थांबविलें. लेलहॅमच्या त्या मंदबुद्धि मुलानें शिकविलेला धडा क्षणभर विसरला, आणि अठरा छड्या पडून गेल्या. क्षमेनें वळ बुजत नाहींत. तरी पण तीनशें मुलांपुढें हेडमास्तरांनीं मान खालीं घातली, यामुळें त्या तीनशें मुलांस एक गोष्ट खचित कळली असेल कीं, चूक कबूल केल्यानें मोठा मनुष्य लहान होत नाहीं.

आर्नोल्ड यांच्या शाळेंतील मुलांचें आयुष्य जगापुढें आलें तें मुख्यत्वें एका कादंबरीमुळें. त्यांचा विद्यार्थी टॉमस ह्यूज यानें इ. स. १८५७ मध्यें टॉम ब्राउन या मुलाची कथा प्रसिद्ध केली. तींत फ्लॅशमन नांवाचा एक दांडगा आहे. तो लहान मुलांस घोंगडींत घालून वर उडवितो, आणि एकदां तर टॉमला पेटलेल्या चुलाण्यापुढें धरून भाजतो. टॉम बेशुद्ध पडतो. पण शुद्धीवर आल्यावर घरव्यवस्थेच्या बाईंनीं विचारिलें तरी कोणाचें नांव सांगत नाहीं. सांगणें म्हणजे चहाडी, आणि चहाडी म्हणजे नामर्दपणा, ही त्या मुलांची समजूत. शेवटीं फ्लॅशमन शाळेंतून काढला जातो खरा, पण तो कशाबद्दल? दारू पिऊन बेहोष सांपडला म्हणून! मुलांस भाजल्याबद्दल नव्हे. कारण ती गोष्ट हेडमास्तरांच्या कानांपर्यंत पोंचलीच नाहीं. कथा कल्पित आहे, परंतु लिहिणारा त्याच शाळेंत वाढलेला होता. इतके दक्ष हेडमास्तर, इतके निवडक नायक, आणि तरीहि एका मुलाच्या अंगाची आग त्यांस दिसूं नये! मुलांनीं मौन धरिलें कीं उत्तमांतील उत्तम व्यवस्था आंधळी होते, हेंच यावरून सिद्ध होतें.

याच कथेंत दुसरा भाग आहे, तो अधिक गोड आहे. टॉम आतां मोठा झाला असून उनाड झाला आहे. त्यास रागें भरण्याऐवजीं हेडमास्तर जॉर्ज आर्थर नांवाचा एक अशक्त, भित्रा, पितृहीन मुलगा त्याच्या खोलींत आणून ठेवितात आणि याची काळजी तूं घे असें सुचवितात. पहिल्याच रात्रीं तो मुलगा निजण्यापूर्वीं गुडघे टेकून प्रार्थना करूं लागतो. मुलें हंसतात, एकजण त्याच्यावर सपाता फेंकतो. टॉम आपला बूट काढून त्या फेंकणाऱ्यास हाणतो, आणि हंसणें बंद होतें. त्या दिवसापासून आर्थर तर वांचतोच, पण त्याच्या निमित्तानें टॉमहि सुधारतो. सांभाळणाऱ्याचें कल्याण सांभाळल्या जाणाऱ्यापेक्षां कमी होत नाहीं, ही आर्नोल्ड यांची शिकवण ह्यूजनें या प्रसंगांतून दाखविली आहे.

तथापि सर्वांचें समाधान झालें नाहीं. ह्यूजच्या एका मित्रानें त्यास पत्र लिहिलें, आणि ह्यूजनें तें पुढील एका आवृत्तीच्या प्रस्तावनेंत प्रामाणिकपणें छापिलें. शाळेंतील छळामुळें हळव्या मुलांची प्रकृति व स्वभाव जन्माचे बिघडतात, आणि तुमच्या कथेंत छळाची निंदा असली तरी तो थांबविण्याचा उपाय नाहीं, अशी त्या मित्राची तक्रार होती. वयानें लहान व मोठ्या मुलांच्या शाळाच वेगळ्या असाव्यात असें त्याचें मत होतें. सत्ता दिलेले नायकच उन्मत्त झाले तर काय, हाहि प्रश्न लवकरच उभा राहिला. आर्नोल्ड यांच्या एका शिष्याच्या हाताखालीं असलेल्या हॅरो येथील शाळेंत इ. स. १८५३ मध्यें एका नायकानें एका विद्यार्थ्यास ३० हून अधिक छड्या मारिल्या, आणि देशभर गवगवा झाला. पुढें १९१८ मध्यें लिटन स्ट्रेची या लेखकानें आर्नोल्ड यांचें उपहासात्मक चरित्र लिहून, मुलांवर मुलांचेंच राज्य कायम ठेविल्याचा ठपका त्यांच्यावर ठेविला. या आक्षेपांत तथ्य आहे. जबाबदारीवांचून दिलेली सत्ता म्हणजे दांडगाईस मिळालेला परवाना होय. आणि जबाबदारी ही एकदां सोंपवून संपत नाहीं, ती रोज तपासावी लागते.

आर्नोल्ड यांस १८४१ मध्यें ऑक्सफर्ड येथें अर्वाचीन इतिहासाच्या प्राध्यापकाचें पद मिळालें. त्यांच्या व्याख्यानांस गर्दी लोटूं लागली होती. पण १२ जून १८४२ रोजीं, रविवारीं सकाळीं, हृदयविकारानें त्यांचें देहावसान झालें. दुसऱ्या दिवशीं त्यांस सत्तेचाळीस वर्षें पुरीं होणार होतीं. वडील ज्या रोगानें अचानक गेले त्याच रोगानें तेहि गेले. शाळेच्या प्रार्थनामंदिरांत त्यांस मूठमाती देण्यांत आली. त्यांचा शिष्य स्टॅन्ली यानें १८४४ मध्यें लिहिलेलें त्यांचें चरित्र घरोघर वाचलें गेलें.

त्यांच्या कार्याचा एक धागा आपल्या देशापर्यंतहि आला आहे. ज्येष्ठ पुत्र मॅथ्यू हा प्रसिद्ध कवि व शाळांचा तपासनीस झाला. परंतु दुसरा एक मुलगा, विल्यम, हिंदुस्थानांत आला आणि पंजाबच्या शिक्षण खात्याचा पहिला प्रमुख झाला. १८५९ मध्यें मायदेशीं परततांना वाटेंत जिब्राल्टर येथें त्यास मृत्यूनें गांठलें. आर्नोल्ड यांच्या हाताखालीं रग्बीस शिक्षक असलेले जॉर्ज कॉटन १८५८ मध्यें कलकत्त्याचे बिशप होऊन आले. सिमला व बंगलोर येथील त्यांच्या नांवाच्या शाळा आजहि चालू आहेत. रग्बीची रीत अशा शाळांतून इकडे परिचित झाली.

आर्नोल्ड यांच्यामागें दीडशें वर्षांनीं शास्त्रज्ञांनीं याच प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास केला. नॉर्वे देशांत १९८२ च्या अखेरीस तीन मुलांनीं आत्मघात केला, आणि सहाध्यायांचा छळ हें त्यामागील मोठें कारण असावें असें दिसून आलें. तेथील सरकारनें १९८३ मध्यें सर्व शाळांसाठीं मोहीम उघडिली. डान ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञांनीं बर्गन शहरांतील ४२ शाळांतून सुमारें २,५०० मुलांचें निरीक्षण केलें. दोन वर्षांत छळाचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलें. उपाय साधे होते. मुलांस निनांवी प्रश्नपत्रिका देऊन खरी स्थिति जाणून घेणें, मधल्या सुट्टींत शिक्षकांनीं आवारांत हजर राहणें, वर्गानें मिळून नियम ठरविणें, आणि छळ करणारा, छळ सोसणारा व त्यांचे पालक या सर्वांशीं गंभीरपणें बोलणें. आपल्या देशांत २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें विद्यार्थ्यास शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. म्हणजे आर्नोल्ड यांच्या हातांतील छडी कायद्यानें काढून घेतली. त्यांच्या हृदयांतील कळकळ मात्र कायदा देऊं शकत नाहीं, ती ज्यानें त्यानें मिळवावयाची आहे.

विद्यार्थिमित्रांनो, या चरित्रांतून तुम्हीं काय घ्यावें? चहाडी आणि फिर्याद यांत भेद आहे, तो ओळखा. आपला मान वाढावा म्हणून दुसऱ्याचें उणें सांगणें ती चहाडी. कोणाचा छळ थांबावा म्हणून खरें सांगणें ती फिर्याद, आणि तिला धैर्य लागतें. तुमच्यांतील जो मॉनिटर आहे, जो संघाचा कप्तान आहे, ज्याच्या शब्दावर दहा मुलें हंसतात व दहा मुलें गप्प होतात, त्यानें टॉम ब्राउनची आठवण ठेवावी; एका मुलाच्या शेजारीं बसल्यानें त्याचें सारें वर्ष बदलूं शकतें. आणि जो सोसतो आहे त्यानें हें जाणावें कीं, दोष त्याचा नाहीं, आणि मुकाट्यानें सोसणें हा शूरपणा नव्हे. पहिल्यानें ऐकलें नाहीं तर दुसऱ्या वडील माणसास सांगावें.

पालकांस आमची विनंति इतकीच कीं, मुलगा शाळेंत जावयास टाळाटाळ करूं लागला, त्याचीं पुस्तकें फाटून येऊं लागलीं, किंवा तो अबोल झाला, तर आधीं ओवा देऊं नये. आधीं जवळ बसवून विचारावें, आणि तो सांगेल तें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें. आपलाच मुलगा छळणारा निघाला, तर त्याची बाजू घेण्याची घाई करूं नये. आणि आम्हां शिक्षकांसाठीं तो अठरा छड्यांचा प्रसंग आहेच. लहान आवाज ऐकूं येण्यासाठीं मोठ्या आवाजानें प्रथम थांबावें लागतें. ज्या शाळेंत हें घडतें, तिची इमारत लहान असो वा मोठी, तेथें मुलें निर्भयपणें वाढतात.